पुलाखालचा थांबा

आये, आपल्या फाट्यावर आता पूल झालाय. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी मंगळवेढ्याकडचा रस्ता रुंद केला आणि गाड्या पुलावरून सरळ सोलापूर गाठायला लागल्या. गाड्या वर, माणसं खाली. खाली उभ्या बाईनं हात केला तरी चालकाला तो दिसत नाही. या गाड्या कुठं थांबाव्यात हे ठरवणाऱ्या कार्यालयात तुझी लेक बसायची. बसायची म्हणते, कारण परवा माझी बदली झाली. तेच सांगायचंय.

तेव्हा मी आठवीत होते. तालुक्याच्या शाळेला जायचं तर फाट्यावरून गाडी धरायची, आणि फाट्यावर ती थांबतच नव्हती. धुरळा उडवत पुढं जायची, मी दप्तर घेऊन परत यायचे. असंच एकदा रडत घरी आले. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "रडल्यावर गाडी थांबती व्हय?" मला वाटलं, संपली शाळा, आता कोकरं राखायची. पण दुसऱ्या दिवशी तू सगळी मेंढरं घेऊन माझ्याबरोबर निघालीस. गाडी लांबून दिसली तसा तू कळप रस्त्यावर घातलास आणि मधोमध उभी राहिलीस. चालक हॉर्न वाजवतोय, मेंढरं हलत नाहीत. कंडक्टर खाली उतरून ओरडतो, "बाई, हितं स्टॉप न्हाय!" तू म्हणतेस, "पोरगी तर हितंच हाय की." तो म्हणतो, "सायबाला सांगीन." "सांग जा. पर आदी हिला आत घे." आतली माणसं हसायला लागली. त्यानं मला वर घेतलं, मगच तू मेंढरं बाजूला केलीस. पुढच्या दिवशीही तू कळप आणलास, पण गाडी लांबूनच हळू झाली.

यंदा शहराबाहेरच्या वस्त्या आणि खेड्यांच्या गाड्यांचा नवा आराखडा माझ्याकडं आला. मी एकेका पुलाखाली जाऊन उभी राहिले. एका ठिकाणी पोटुशी सून घेऊन दवाखान्याला निघालेली सासू भेटली, ट्रॅक्टर मिळतोय का बघत होती. मला म्हणाली, "गाडी वरनं जाती बाय. आमाला काय पंख हायती?" मी परत येऊन प्रत्येक फाट्यावर गाडी खाली उतरवायची असं लिहिलं. साहेब म्हणाले, "खाली उतरलं की वेळ जातो. आणि तिथं प्रवासी आहेत कुठं?" मी म्हटलं, "गाडीच येत नाही तिथं प्रवासी दिसतील कसे? आधी गाडी उतरवा, मग मोजा." त्यांनी फाटे गाळून दुसरा आराखडा करवून घेतला आणि सहीसाठी माझ्यापुढं सरकवला. मी सही केली नाही. "बदली होईल," ते म्हणाले. "होऊ द्या," मी म्हटलं.

मग मी फाट्यावरच्या बायकांना निरोप धाडला, साहेब विचारतात प्रवासी कुठं आहेत, तर अर्ज देऊ नका, स्वतः कार्यालयात या. त्या आल्या. पोरं कडेवर, भाकरी फडक्यात, आमचा सगळा व्हरांडा त्यांनी भरून टाकला. मघाशी सांगितलेली सासूही होती. साहेब बाहेर आले तशी ती म्हणाली, "परवासी कुटं हायती म्हनत हुता न्हवं? ह्ये बघा, आलो." साहेबांनी माझा पहिला आराखडा परत मागवला आणि निदान दोन वेळच्या गाड्या उतरवायला सही केली. आता सकाळ-संध्याकाळच्या गाड्या पुलाच्या बाजूच्या रस्त्यानं खाली उतरतात. पहिल्या गाडीनं मी स्वतः गेले. आपल्या फाट्यावर शाळेच्या मुली चढल्या, खिडकीसाठी भांडल्या, माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. लई बरं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला, पार जिल्ह्याबाहेर. सगळे म्हणतात, थोडं नमतं घेतलं असतं तर खुर्ची राहिली असती. राहिली असती की. पण दुसऱ्यानं सांगितलेली सही करायला मला खुर्ची नको होती. जिथं पाठवतील तिथंही गाड्या असतील, आणि त्या ज्यांना टाकून पुढं जातात अशी माणसंही असतील.

हा कागद टपालात टाकायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवावं तर तू नाहीस. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. हुकूम हातात आला तसा मी तो घडी करून पिशवीत ठेवला. घरी मी हसत सांगितलं, पण मला भीती वाटली होती, आये. अजून वाटते. तरी फाटे गाळलेला तो आराखडा परत पुढं सरकवला तर सही करायची नाही.