राखीव खेळाडूचा प्रवासखर्च

ता. ६ जानेवारी

चि. प्यादोबास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत मफलर पाठवते आहे. का, ते विचारू नकोस. खोकला अंगावर काढायची तुझी खोड जुनीच. पण चष्मा लागला तरी बहिणीला कळवू नये, एवढे मोठे झालात काय? बुद्धिबळ महासंघाच्या हिशेब विभागात बसून माझेही डोळे गेलेत, तेव्हा आता दोघं शोभू.

बाबांपाशी अवाक्षर काढणार नाही. लेथ मशीन विकल्यापासून त्यांच्यासमोर पटाचं नाव काढायची सोय नाही, हे मला का ठाऊक नाही? तू निर्धास्त राहा. मला सगळं कळतं, आणि मी फार सुखात आहे.

पत्राचा आळस सोडलास तर लोभ आहे, नाहीतर तोही राखीव ठेवीन.

तुझी ताई

ता. १३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मफलर पोचला आणि बाबांनी बघताक्षणी लंपास केला. पण ताई, तू बरी आहेस ना? मला ना खोकला, ना चष्मा. घड्याळजी माणूस मी, नजर अधू झाली तर दुकानाला कुलूपच लागायचं.

आणि बाबांपासून लपवायचं काय? नऊ वर्षांत मी सोंगटीला हात लावलेला नाही. त्या परदेशच्या स्पर्धेचं माझं बिल तुमच्या महासंघानं तीनदा परत पाठवलं, मूळ पावती नाही म्हणून. बाबांचं मशीन त्यातच गेलं आणि मी खेळाला रामराम ठोकला. तू तर त्यानंतर तिथं लागलीस.

कोणी काही कानात भरवलं का? जीव टांगणीला लागलाय, उलट टपाली लिही. काळजी नि लोभ दोन्ही असू दे.

तुझा प्यादोबा

ता. १७ जानेवारी

चि. प्यादोबास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता सगळं सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक बिल आलं. राखीव खेळाडू म्हणून तुझं नाव, जाण्यायेण्याचं भाडं, लॉजची खोली, दोन वेळचं जेवण. मला वाटलं, पोरगं पुन्हा खेळायला लागलं, आणि आम्हा दोघांपासून चोरून! आनंदानं मी ते त्याच दिवशी पास केलं. विचारलं नाही, कारण विचारलं तर तू सोडशील अशी धास्ती. मग बिलं येतच राहिली. चपलेला टाके घातल्याचे पैसे, खोकल्याचं औषध, ताप म्हणून दोन दिवस जास्त मुक्काम, चष्मा. तू पत्र लिहीत नव्हतास, म्हणून मी बिलं वाचायचे रे.

काल रजा टाकून त्या लॉजवर गेले. बिलावर खोली चौदा. मालक हसायला लागला, म्हणाला, बाई, आमच्याकडे खोल्याच बारा. बोळ बाराव्या खोलीशी संपतो, पुढे भिंत. त्या भिंतीला हात लावून उभी राहिले आणि, वेडी म्हण हवं तर, पलीकडे कोणीतरी खोकलं.

हे सगळं आमच्या महासंघाच्या चिटणिसांचं काम, आज विचारलं तर कबूलच झाले. जुन्या यादीतून तुझं नाव उचललं आणि पैसे खिशात घातले. लेखापरीक्षकांनाही संशय आल्यानं आता चौकशी लागली आहे, आणि प्रत्येक बिलावर 'तपासले' म्हणून सही माझी. चिटणीस म्हणतात, भावानं 'प्रवास मीच केला' एवढं लिहून दिलं की प्रकरण मिटलं, नाहीतर आधी तुमची नोकरी. मी तुझ्याकडे काही मागत नाही. न सांगता राहवलं नाही, इतकंच.

माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

ता. २१ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबत चिठ्ठी आहे, सहीसकट. बाबांची औषधं तुझ्या पगारावर चालतात, उगाच हरिश्चंद्राचा अवतार घेऊ नकोस.

खरं सांगू? मी त्याच्यावर जळतो. खऱ्याचं बिल तीनदा परत, आणि जो नाहीच त्याचं त्याच दिवशी पास! तो तापला, खोकला, चप्पल तुटेपर्यंत हिंडला, पण खेळत राहिला. माझ्याच्यानं ते झालं नाही. काल दुपारी बाबा मफलर गुंडाळून खोकले, तर मी हातातलं घड्याळ टाकून उठलो. वाटलं, आला. भीती वाटते ताई, आणि तो आला नाही याचं वाईटही वाटतं.

चिठ्ठी दे आणि मोकळी हो. लोभ आमच्या दोघांवरही असावा.

तुझा प्यादोबा

ता. २८ जानेवारी

चि. प्यादोबास आशीर्वाद. वि. वि.

तुझी चिठ्ठी फाडली. रागावू नकोस. तुझ्या नावावर आधीच पुष्कळ खोटं लिहिलं गेलंय.

चौकशीला तिघं बसले होते. भाऊ शेवटचा कधी खेळला, ते लेखी द्या म्हणाले. मी लिहिलं, नऊ वर्षांपूर्वी, त्यानंतर एकदाही नाही. लिहिताना घळाघळा रडले. त्यांना वाटलं, नोकरीसाठी. नोकरी तर गेलीच, चिटणीसही घरी बसले. पण तीन वर्षं माझा एक भाऊ गावोगाव खेळत होता, त्याला मी एका ओळीत संपवलं.

किल्ल्या देताना त्याचं शेवटचं बिल दिसलं, पास व्हायचं राहिलेलं. आजवर प्रत्येक बिलात जाण्यायेण्याचं भाडं असायचं. यात फक्त जाण्याचं आहे. कोणी गेलेलं नाही, हे मीच लिहून दिलंय. तरी नव्या कारकुनाला बजावून आले, हे एवढ्यात बंद करू नका, परतीचं तिकीट यायचंय.

शनिवारी घरी येते. आहेस तसा मला पुरेसा आहेस, लोभ असू दे.

तुझी ताई