आक्काचा बुधवार

निफाड, गुरुवार

चंद्रभागाआक्काच्या पायांवर डोके ठेवून धाकट्या सहादूचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे तुला वणीचा गड चढू देतात की पायथ्यावरूनच हात जोडतेस, ते कळव.

मागच्या महिन्यात मी तुला हक्कसोडपत्र सहीला पाठवले, तेव्हा फोनवर तू एवढेच विचारलेस, "माझ्या हिश्शाची किंमत तरी काय रे?" तुझा हिस्सा म्हणजे सामाईक विहिरीतली बुधवारची पाळी. (उरलेले सहा दिवस मी आणि चुलतभाऊ मल्हारीने निम्मे वाटून घेतलेले.) प्रश्न रास्त होता, म्हणून नाशिकहून विहिरींची किंमत काढणारे साहेब बोलावले.

आता किंमत कमी निघण्यातच माझा फायदा. पण परक्या माणसाने आपल्या वडिलांच्या विहिरीत वाकून नाक मुरडावे, हे मला सोसेना. मल्हारीलाही सोसेना. (पंधरा वर्षांत आमचे एकमत झाले ते एवढेच.) चार दिवस दोघांनी मोटारी बंद ठेवल्या. द्राक्षबाग कोमेजली, तुझी भावजय उज्ज्वला माझ्याशी बोलेनाशी झाली, पण विहीर काठोकाठ भरली. काल साहेब आले, वाकले, स्टार्टरवरचे कोळ्याचे जाळे बोटाने काढले (चार दिवसांत जाळे! कोळी मल्हारीच्या बाजूचा असणार) आणि लिहिले, "विहीर वापरात नाही." निघालेल्या किमतीत तुझ्या हिश्शाला एक बरी पैठणीही येणार नाही.

मी मनातून खूश झालो, हे कबूल करतो. तेवढ्यात साहेबांनी विचारले, आज पाळी कुणाची?

मल्हारी म्हणाला, "बुधवार हाय ना, चंद्राक्काची."

त्या कुठे असतात?

"वणीला. बत्तीस वर्सं झाली."

मग पाणी कोण घेतं? बत्तीस वर्षे तुझे पाणी मी माझ्या बागेला पाजले आणि तुला वर्षाला द्राक्षांची एक पेटी धाडली. (गेल्या वर्षी तीही राहिली.) आक्का, मला फार लाज वाटली. एवढ्या वर्षांत त्या दिवसाला गावात कुणी सहादूची पाळी म्हटलेले नाही. तू सही केलीस की म्हणू लागतील.

दाजींना नमस्कार.

तुझा सहादू

ता. क. हक्कसोडपत्रावर सही करू नकोस. केली असलीस तर कागद बंबात घाल.

ता. क. दुसरा: बाकीच्या पाळ्या आजपासून सुरू केल्या. बुधवारची मोटार मात्र तूच येऊन चालू करायचीस, तोवर मी बटणाला हात लावणार नाही. तेव्हा रुसून बसू नकोस, येत्या बुधवारीच ये. बाग आधीच चार दिवस उपाशी आहे.