स्वातंत्र्यातला ‘य’

तळमजला
मंगळवार, दि. ३ मार्च

चि. बारकूस,
आशीर्वाद तूर्त स्थगित.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी चहाचे आधण ठेवत होते आणि माझ्या स्वयंपाकघरात अंधार झाला. खिडकीतून पाहिले तर आभाळ नाही, रस्ता नाही, नुसते हिरवे कापड. फाटकाबाहेर जाऊन वर पाहिले तेव्हा उलगडा झाला. तू तुझ्या गॅलरीच्या कठड्याला बारा फुटी फलक बांधला आहेस. त्याचा वरचा अर्धा भाग तुझ्या हद्दीत आहे, खालचा माझ्या खिडकीवर. आणि त्यावर हातभर अक्षरांत लिहिले आहे, ‘आम्हाला स्वातंत्र हवे’.

बारकू, मी सरकारी छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रिते तपासली. कॉन्व्हेंटमध्ये आपली भाषा बोलले म्हणून सिस्टरची पट्टी बोटांवर खाल्ली आणि त्याच बोटांनी जन्मभर त्या भाषेचे ऱ्हस्वदीर्घ सांभाळले. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाच्या शेवटी एक ‘य’ असतो. ज्यांना शब्द पुरा लिहिता येत नाही, त्यांनी नवा देश काढायला निघू नये.

पंधरा तारखेच्या सार्वमतात तू कोणत्या बाजूला आहेस हे मला ठाऊक होते. प्रांताने संघराज्यातून बाहेर पडावे असे तुला वाटते, पडू नये असे मला वाटते, आणि सहा महिने आपण चहा पिता पिता नीट भांडत होतो. पण मी एकसंघ समितीची चिटणीस आहे. गुरुवारी समितीची बैठक माझ्या पुढच्या खोलीत आहे. मंडळी या फलकाखालून वाकून आत येणार काय?

तुला वेगळे व्हायचेच असेल तर सुरुवात घरापासून कर. आतला जिना विटांनी बुजव, बाहेरून लोखंडी जिना लाव आणि सकाळचा चहा आपल्या स्वतंत्र राष्ट्रात उकळ. फलक दुरुस्त होऊन दोन फूट वर जाईपर्यंत बोलणे बंद. काही कळवायचे असल्यास भाजीसाठी तू गॅलरीतून दोरीने पिशवी सोडतोस, तिच्यातून कळवावे.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवण्याचे कारण दिसत नाही.

तुझी
ताई


वरचा मजला
त्याच दिवशी, दुपार

ति. ताईस,
बारकूचा सा. न. वि. वि.

पिशवीतून पत्र पोचले. सोबत गेल्या आठवड्यातली एक सुकलेली मिरचीही आली, ती धमकी समजायची की चुकून, ते कळले नाही.

फलकाची चूक माझी नाही, रंगाऱ्याची आहे. कापड संपत आले तेव्हा त्याने मला विचारले की ‘हवे’ ठेवू की ‘य’ ठेवू. मी म्हटले, ‘हवे’ ठेव, नाहीतर लोकांना वाटेल नको आहे. फलक वर घेता येत नाही, कारण वर माझे वाळत घातलेले कपडे आहेत.

आता मुद्द्याचे. मला या पंथाला कोणी लावले? तूच. मी वीज खात्यात खांबावर चढायचो, मला कुठले राजकारण. संध्याकाळी घरी आलो की तू कपाळाला हात लावून बसलेली असायचीस. राजधानीतून अर्जांचे नमुने यायचे, आपल्या भाषेत भाषांतर करून, आणि ते भाषांतर आपली भाषा कधी न ऐकलेल्या माणसाने केलेले असायचे. तू लाल पेन्सिलीने पान रंगवून परत पाठवायचीस. पंधरा दिवसांनी ते जसेच्या तसे परत यायचे, वर शिक्का, ‘मूळ मजकूर कायम ठेवावा’. म्हातारी माणसे खिडकीशी ते कागद उलटेसुलटे धरून उभी राहायची, हे तूच डोळ्यांत पाणी आणून सांगितलेस. मग मी म्हणालो, की आपला कागद आपणच लिहू, चुकलो तर आपल्या चुकीने चुकू, तर मी फुटीर झालो?

जिन्याचे म्हणशील तर सूचना तुझी आहे आणि शाईने लिहिलेली आहे. गवंडी शनिवारी, चौदा तारखेला, दहा वाजता येईल. तू वडीलधारी. तुझा शब्द मी खाली पडू देणार नाही.

लोभ असावा, निदान खिडकी उघडेपर्यंत.

तुझा
बारकू

ता. क. माझ्या गॅसची शेगडी पेटवताना उजवे बटण दाबायचे की डावे? बायको गेल्यापासून सहा वर्षे ती पेटवावी लागली नाही.


तळमजला
शुक्रवार, दि. ६ मार्च

चि. बारकूस,
आशीर्वाद अजून विचाराधीन.

डावे बटण. आणि दूध उतू गेल्याचा वास खालपर्यंत येतो. पातेल्यात चमचा ठेवत जा.

काल काय घडले ते तू गॅलरीतून पाहिले असशीलच, हसण्याचा आवाज मला ऐकू आला. बैठकीला दोन तास होते. तो शब्द तसा लंगडा उभा असलेला मला सहन होईना. मी खिडकीबाहेर स्टूल मांडून त्यावर चढले आणि लाल रंगाने ‘त्र’च्या बाजूला ‘य’ जोडला. देशासाठी नव्हे, व्याकरणासाठी. समोरच्या फुटपाथवर एक छायाचित्रकार उभा आहे हे मला कसे कळणार?

आजच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मी आहे. हातात कुंचला, केस उडालेले, आणि खाली लिहिले आहे, ‘एकाहत्तराव्या वर्षीही स्वातंत्राचा ध्यास’. पुन्हा ‘य’ नाही. दूधवाल्याने मला सलाम केला. तुझ्या बाजूच्या दोन मुली फाटकाशी येऊन पाया पडून गेल्या. आणि माझ्या समितीने मला कारणे दाखवा नोटीस दिली आहे, तीत शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत. मूर्खांचा पुरवठा दोन्ही बाजूंना सारखाच आहे, एवढे या निमित्ताने सिद्ध झाले.

तुझ्या मुद्द्याला उत्तर देते, नाहीतर म्हणशील ताई निरुत्तर झाली. माझ्या धंद्यात चूक दुरुस्त करतात, पान फाडत नाहीत. राजधानीतला साहेब दूर आहे, म्हणून त्याला आपली भाषा कळत नाही, खरे. पण जवळचा साहेब काय असतो तेही मी छापखान्यात पाहिले आहे. लहान तळ्यात प्रत्येक बेडूक स्वतःला मगर समजतो. आणि आज आपण वेगळे झालो की उद्या नदीपलीकडचा तालुका आपल्यापासून वेगळा व्हायचे म्हणेल. तेव्हा तू कोणत्या तोंडाने नाही म्हणशील?

दुसरे. मोठ्या वादळात प्रांताच्या हद्दीवरचा मनोरा पडला होता, आठवते? तू या बाजूने तार ओढत गेलास, शेजारच्या प्रांतातला तो तोतरा लाइनमन त्या बाजूने आला. तिसऱ्या दिवशी तारेची दोन टोके जुळली आणि तुम्ही दोघांनी एकाच डब्यातून जेवण केले. ही गोष्ट तू मला दोनशे वेळा सांगितली आहेस. जन्मभर तारा जोडल्या आणि म्हातारपणी पक्कड घेऊन निघालास.

तिसरे म्हणजे आपली भिंगरी. तुझी लेक राजधानीत नोकरीला आहे. उद्या तिला घरी यायला पासपोर्ट लागेल. मी तिला या हातांनी बाराखडी शिकवली. तिच्या येण्याजाण्यावर कोणी शिक्का मारावा, हे मला चालणार नाही.

गवंड्याचा माणूस काल जिना मोजून गेला. फूटपट्टी चुकीची धरली होती.

कळावे. लोभ मोजमाप चालू असेपर्यंत राखून ठेवला आहे.

ताई


राजधानी
मंगळवार, दि. १० मार्च

ति. बाबा आणि ति. आत्या,
दोघांना एकत्रित नमस्कार. पाकीट एकच आहे. ते आधी कोणी फोडायचे यावर वेगळे सार्वमत घेऊ नये.

आत्याचे छायाचित्र इथवर पोचले. आमच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ते भिंतीवर लावले आहे. आमच्या साहेबांनी विचारले की या बाई कोण, मी म्हटले आमची आत्या, ती संघराज्याच्या बाजूची आहे. साहेबांनी छायाचित्र पुन्हा जवळून पाहिले.

तुम्हा दोघांची पत्रे मला वेगवेगळी आली. बाबांच्या पत्रात आत्याचे छापखान्यातले अनुभव आहेत. आत्याच्या पत्रात बाबांचे वादळ आहे. म्हणजे आत्या बाबांच्या आयुष्याच्या जोरावर भांडते आणि बाबा आत्याच्या. मला वाटते तुम्ही एकमेकांचे जितके ऐकले आहे, तितके कोणत्याही संसदेत कोणी कोणाचे ऐकलेले नाही.

मी शनिवारी संध्याकाळी पाचच्या बसने येते. माझे नाव अजून तिथल्याच मतदारयादीत आहे. मत कोणाला ते दोघांनाही सांगणार नाही, लाच म्हणून चांगले जेवण मात्र दोघांकडूनही घेईन.

फक्त एक विचारायचे आहे. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. मी सातव्या पायरीवर बसून अभ्यास केला, कारण तिथे खालून आत्या चुका सांगायची आणि वरून बाबांचा रेडिओ ऐकू यायचा. ती पायरी आता कोणाच्या देशात जाणार तेवढे कळवा. मी तिथे उतरेन.

दोघांच्या लोभाची सारखीच हकदार,
भिंगरी


वरचा मजला
शुक्रवार, दि. १३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरीचे पत्र तू वाचून वर पाठवलेस, पोचले. मी ते तीनदा वाचले. नंतर चष्मा पुसला.

तारेबद्दल तू लिहिलेस ते आठवडाभर डोक्यात आहे. उत्तर असे, की तारेला पासपोर्ट लागत नाही. तो तोतरा लाइनमन अजून दरवर्षी पत्र पाठवतो, देश दोन झाले तरी पाठवेल. पण खरे सांगायचे तर, दोन देश झाल्यावर वादळ आले, तर त्याला हद्दीपर्यंत यायला परवानगी मिळायला किती दिवस लागतील, हे मला सांगता येत नाही. हे मी आमच्या सभेत विचारले. सभा दुसऱ्या विषयाकडे वळली.

तरीही मी बाहेर पडण्याच्याच बाजूने आहे, गैरसमज नको. तुझी चौतीस वर्षांची लाल पेन्सिल मी विसरू शकत नाही. दुरुस्त करायचे, फाडायचे नाही, म्हणतेस. पण ताई, दुरुस्त केलेले त्यांनी कधी छापले का?

आता अडचण. गवंडी म्हणतो, नगरपालिकेच्या परवानगीशिवाय वीट लावणार नाही. अर्ज आणला. त्याचे नाव आहे, ‘वास्तु-अंतर्गत ऊर्ध्वगमन मार्ग निरसन अनुज्ञप्ती’. मी घाबरलो. मला वाटले स्वर्गात जाण्याची परवानगी मागतोय. गवंड्याने वाचला, त्याच्या बायकोने वाचला, खिडकीवरच्या कारकुनाने वाचला आणि तो म्हणाला, की हे समजणारी एकच बाई होती, ती निवृत्त झाली. अकरावा रकाना तुझा आहे. ‘सहनिवासी व्यक्तीची असंमती नसल्यास नाही, नसणे नसल्यास नाही खोडावे.’ तुला काय खोडायचे ते खोड आणि परत पाठव. गवंडी उद्या दहाला येतो.

दहा दिवस माझा चहा मीच पितो आहे. दोन शब्दांत सांगायचे तर तो पाणी आहे.

लोभ असावा. उजव्या बटणाचा हट्ट सोडला आहे.

तुझा
बारकू


तळमजला
शनिवार, दि. १४ मार्च, सकाळी अकरा

चि. बारकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा अर्ज मी ओळखला. बावीस वर्षांपूर्वी त्याचे मुद्रित माझ्या टेबलावर आले होते. अकराव्या रकान्यावर मी समासात लिहिले होते, ‘हे वाक्य माणसासाठी आहे की शिक्षा म्हणून?’ उत्तर काय आले ते तुला पाठ आहे.

काल सगळी दुपार मी तो पुन्हा तपासला. एकेचाळीस चुका. लाल पेन्सिल बारीक होऊन चिमटीत मावेना. शेवटच्या ओळीशी मी थांबले आणि तुझा प्रश्न आठवला. नाही बारकू. चौतीस वर्षांत त्यांनी एकही दुरुस्ती छापली नाही. हे मी कोणालाच सांगितले नव्हते, तुलाही वेगळेच सांगायचे, की दोनचार तरी घेतात. घेत नव्हते. तुझ्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा माझ्याकडे होता आणि मी तो दाबून ठेवला होता. म्हणून मी बाजू बदलली असे समजू नकोस. उद्या मी राहण्याच्याच बाजूने मत देणार. त्यांनी छापले नाही म्हणून मी पेन्सिल ठेवली नाही, आताही ठेवणार नाही.

समितीला नोटीस दुरुस्त करून परत पाठवली, सोबत चिटणीसपदाचा राजीनामा. मत द्यायला चिटणीस असावे लागत नाही.

उद्या दोघे एकाच रिक्षेने केंद्रावर जाऊ. माझे मत तुझे मत खाईल आणि तुझे माझे. मग दोघांनी घरीच का बसू नये, असे विचारू नकोस. मला जायचे आहे, तुलाही जायचे आहे. घरात बहुमत भिंगरीचे राहील आणि ती सांगणार नाही. परवा ज्याचा पक्ष हरेल त्याने महिनाभर कुरकुर करावी आणि दुसऱ्याने ऐकून घ्यावी. एवढा करार दोन देशांना जमत नाही, आपल्याला जमावा.

गवंडी दहाला आला होता. मी त्याला फाटकातूनच परत पाठवले. फूटपट्टी कशी धरतात तेही दाखवले. फलक मात्र असू दे. ‘य’ वाळला आहे, चांगला दिसतो. फक्त दोन फूट वर घे. कपडे मागच्या अंगणात वाळत घाल, अंगण दोघांचे आहे.

अर्ज सोबत जोडला आहे. अकरावा रकाना मी पूर्ण खोडून असा लिहिला आहे: ‘जिना बंद करण्यास बहिणीची संमती आहे काय?’ खाली उत्तर: ‘नाही.’ त्याखाली कारणाची ओळ होती. तिथे लिहिले आहे, ‘अर्जदाराला चहा करता येत नाही.’

भिंगरी पाचला येते. त्याआधी, म्हणजे आज दुपारी चार वाजेपर्यंत, मला तुझे लेखी उत्तर हवे. त्यात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द एकदा तरी यावा आणि पुरा यावा. पिशवीतून पाठवू नये, तिची दोरी मी आज सकाळी कापली. उत्तर घेऊन स्वतः यावे, चौदा पायऱ्या उतरून. आधण ठेवलेले असेल.

लोभ होताच. वाढला, असे वाटते.

तुझी
ताई