चाकाच्या नटावरची पिवळी खूण

रविवार, संध्याकाळ. धायरी

पाठ धरली आहे. दिवसभर शेडमध्ये चाकं काढली आणि बसवली. पुढच्या रविवारी भाचीची, मीनलची, सहा तासांची हौशी मोटार शर्यत. आम्ही चौघे तिचे बिनपगारी मदतनीस. नियम माझाच: नट पान्याने पूर्ण आवळल्यावरच त्यावर पिवळी खूण करायची. खूण नसेल तर गाडी हलणार नाही.

आणि मीच काय केलं? दमलो होतो, वेळ वाचावा म्हणून पुढच्या डाव्या चाकाच्या पाचही नटांवर आवळण्याआधीच खुणा करून ठेवल्या.

मीनल खडकवासल्यापर्यंत चक्कर मारून आली. "मामा, पुढचं डावं चाक थरथरतंय." बघतो तर एक नट नुसत्या बोटांनी फिरला. वर पिवळी खूण, चांगली ठसठशीत.

"खड्ड्यांची कृपा," शेजारचे जोशी म्हणाले. मी मान डोलावली. का डोलावली? साठीला आलो, आणि खड्ड्यांच्या आड लपतोय.

निघताना मीनल म्हणाली, "तुमची खूण दिसली ना, की मी चाकाकडे बघतसुद्धा नाही."

बोटं अजून पिवळीच आहेत. जेवायला हाक आली आहे. आधी तिला फोन करतो, नाहीतर घास उतरायचा नाही.