गच्चीवर वाचावे, खाटेवर ऐकावे

मी, खाली सही करणारा, धंद्याने प्लंबर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोळे अधू झाले असले तरी कान शाबूत आहेत. कानाच्या डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे.

१. ही तीन मजली इमारत मी लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या काढून उभी केली. माझ्या खाटेजवळ भिंतीत एक जुना, कोरडा पाइप आहे. त्याचे वरचे तोंड गच्चीवर टाकीपाशी उघडते. गच्चीवरचे बोलणे त्यातून स्वच्छ खाली येते. हे आजवर कुणाला सांगितले नाही.

२. मागच्या महिन्यात चिरंजीव एका बिल्डरला घेऊन गच्चीवर गेले होते. कानी आले ते असे :

"भाडेकरूंचं काय?"

"म्हातारा जाऊ दे, मग टाकीचं पाणी तोडतो. आपसूक निघतील."

"आणि त्या शिवणकामवाल्या बाई?"

"त्या वरच्या मजल्यावर. त्यांचं पाणी आधी जाईल."

पाइप जोडायला शिकवलेल्या पोराने तोडायची भाषा करावी! असो. रागाच्या भरात मृत्युपत्र करू नये, म्हणून राग उतरेपर्यंत थांबलो.

३. सबब ही इमारत मी भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला देत आहे. राहील त्याचे घर. सोडताना खोली संस्थेला परत करावी, विकू नये. पावसाचे पाणी साठवायची सोय मोडू नये. पाणी आधी वरच्या मजल्याने भरावे, मग खालच्यांनी. खालचे नळ आधी सुटले की वर नुसती हवा येते.

४. माझी हत्यारे बाईंच्या मुलीला. नळ कुठे गळतो, ते ती आवाजावरून सांगते. मेहुण्याला माझी शिडी. ती त्याने आधीच नेली आहे. आता निदान लपवू नये.

५. चिरंजीव सासऱ्यांकडे राहतात. तिथे काय काय ऐकून घ्यावे लागते, तेही मला ठाऊक आहे. घराची नड त्यांनाही आहे. म्हणून माझी खोली त्यांना हयातभर, बिनभाड्याने. पाइप मात्र बुजवू नये.

६. हे मृत्युपत्र गच्चीवर, टाकीपाशी, सर्व भाडेकरूंसमोर मोठ्याने वाचावे. त्या वेळी चिरंजीवांनी खाली माझ्या खाटेवर बसावे. वाचून झाल्यावर लगेच उठू नये. लोक काय बोलतात, तेही ऐकावे.

साक्षीदार : कानाचे डॉक्टर; कोपऱ्यावरचे चष्मेवाले. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच बोलावले.

सही : घरमालक, तूर्तास
स्थळ : हीच खाट
दिनांक : ३ फेब्रुवारी