उजव्या हाताचे केंके

लिहून ठेवणार: आयोर्कोर क्वेनोर, वय वर्षे ६८, धंदा रस्त्यावर फोटो काढणे, राहणार जेम्सटाउन, दीपगृहामागची गल्ली, अक्रा.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे माझे हृदय थकले आहे. डोके थकलेले नाही, याची खात्री वकील तोर्गबोरबाईंनी सकाळपासून तीनदा करून घेतली. कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणाच्या गोड बोलण्याला तर मुळीच न भुलता, मी माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते लिहून ठेवत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी बऱ्याच लोकांशी चांगली वागले होते.

१. राहत्या घराच्या दोन खोल्या माझा भाचा नी आशितेई याला द्याव्यात. छताचा पत्रा त्याने दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा बोलून दाखवले नाही. माझ्या अंधारखोलीत त्याच्या बायकोने कांदे साठवू नयेत. ही अट नाही, विनंती आहे, कारण अट घातली तर ती मुद्दाम साठवील.

२. लाम्प्टेबाबांचा लाकडी पेटीचा कॅमेरा विकू नये. टपाल कचेरीसमोरच्या फुटपाथवर बाबांनी मला धंदा शिकवला. ते फारसे बोलत नसत. पहिल्या दिवशी एवढेच म्हणाले, "पोरी, निगेटिव्हची चकचकीत बाजू ओळखायला शीक. उलटी ठेवलीस तर सगळं गाव डावखुरं करशील." मी हसले होते. हा कॅमेरा आशितेईने अंधारखोलीत ठेवावा, कांद्यांपासून लांब.

३. 'अक्रा रस्ता मंडळी' हा इंटरनेटवरचा गट मी व आणखी चौघांनी सुरू केला. आज त्यात सहा हजार माणसे आहेत आणि त्यातली बरीचशी रस्त्यावर न जाता रस्त्याबद्दल बोलतात. गेल्या महिन्यात तिथे वाद झाला, की रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला मंडळीत मार्गदर्शक असावा की नसावा. तीन आठवडे चालला. शेवटी चालकांनी ठरवले की असावा, प्रत्येक नव्या माणसाला एक नेमून द्यावा, मार्गदर्शकाच्या नावापुढे निळी खूण लावावी, आणि माझ्या पश्चात योजनेला माझे नाव द्यावे. मला विचारलेही नाही.

या मृत्युपत्रान्वये मी माझे नाव त्या योजनेला देण्यास सक्त मनाई करते. कोणी दिले तर तोर्गबोरबाईंनी त्यांना कोर्टात खेचावे. त्यांना तशी आवड आहे.

एका मुलीने त्या वादात मला विचारले, "ऑन्टी, तुम्हीसुद्धा कोणाकडून तरी शिकलातच ना?" शिकले. पण लाम्प्टेबाबा माझ्याच उन्हात उभे राहत. माझ्यावर कोणी ओरडले तर त्यांच्यावरही ओरडत असे. दूर थंड देशात बसून दुसऱ्याच्या गल्लीचे फोटो सरळ करणाऱ्यावर कोण ओरडणार? मी हे ऐकीव सांगत नाही. मंडळीतला पहिला मार्गदर्शक मलाच चिकटला होता, आणि मीच त्याला डोक्यावर बसवले होते.

४. त्याचे नाव फिफी एसुमन, मुक्काम रॉटरडॅम. सहाव्या वर्षी देश सोडलेला. त्याला माझा भिंतीवरचा आरसा द्यावा. पाठवण्याचा खर्च माझ्या मिळकतीतून करावा. कारण लिहून ठेवते.

अकरा वर्षांपूर्वी मी डेडेई लार्टेचा फोटो काढला. डेडेई आणि मी एकाच शाळेत मार खाल्लेल्या. ती बाजाराच्या तोंडाशी केंके, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकते. त्या दिवशी बाजारातल्या बायकांची प्रमुख, आमची मान्ये, स्वतः घ्यायला आली होती. मान्येने दोन्ही हातांनी भांडे धरले होते आणि डेडेई त्यात मक्याच्या पानात बांधलेले वाफाळते केंके ठेवत होती, उजव्या हाताने, अदबीने. मागे पाटी होती: 'डेडेईचे केंके'. फोटो काढण्यापूर्वी तिने मला बजावले होते, "काढायचाच तर माझा चांगला हात दिसू दे."

मी तो मंडळीत टाकला. फिफीने लिहिले: "अप्रतिम. पण बघणाऱ्याचा डोळा डावीकडून आत येतो आणि हा हात उजवीकडून येतोय. पाटी कापा आणि फोटो उलटा करा."

मी पाटी कापली. तिच्यावर अक्षरे होती, नाहीतर उलटेपणा शेंबड्या पोरालाही कळला असता. मग निगेटिव्ह उचलून दुसऱ्या बाजूने ठेवली. ज्या गावात डाव्या हाताने रस्तासुद्धा दाखवत नाहीत, तिथे जन्मून, तीस वर्षे चकचकीत बाजू सांभाळून, मी ते केले. मला हात दिसला नाही, रेषा दिसत होत्या. माझी अक्कल तेव्हा रॉटरडॅमला गहाण होती.

तो फोटो एका कॅलेंडरवर छापला गेला आणि बाजारातल्या दर दुकानात वर्षभर टांगला गेला. डेडेई लार्टे, खुद्द मान्येला डाव्या हाताने खायला देताना. गिऱ्हाइके विचारू लागली, "डेडेई, आज कुठला हात धुतलास?" नंतर विचारणारेही येईनासे झाले.

मान्येने मला बोलावणे धाडले: माफीची म्हणून दारूची बाटली घेऊन ये, बायकांसमोर उभी राहा, काय झाले ते सांग. मी फिफीला विचारले. होय, मी सत्तावन्न वर्षांची बाई, ते मी त्याला विचारले. त्याने लिहिले: "कलाकाराने माफी मागितली की चित्र मेलं. जाऊ नका." मी गेले नाही. डेडेई एकटी गेली. न केलेल्या गुन्ह्याची बाटली तिने मान्येपुढे ठेवली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

म्हणून आरसा. फिफीने त्यासमोर रोज जेवावे आणि समोरचा कोणत्या हाताने जेवतो ते पाहावे. सगळे खापर त्याच्यावर फोडता आले असते तर मी शांतपणे मेले असते. निगेटिव्ह उलटी करणारा हात माझा होता.

५. त्या फोटोची निगेटिव्ह आणि सुलट बाजूने, पाटीसकट काढलेली मोठी प्रत डेडेई लार्टे हिला द्यावी.

(हे कलम रद्द. आज दुपारी जे घडले ते तोर्गबोरबाईंनी ऐकले तसे लिहून घेतले आहे.)

आशितेईकरवी निरोप धाडला होता. ती येईल असे वाटले नव्हते. आली आणि दारातूनच म्हणाली, "अकरा वर्षांनी बोलावतेस, आणि बसायला ही मोडकी खुर्ची?"

बाईंनी तिला कलम वाचून दाखवले.

"नको मला. त्यावर काय मासे वाळवू?"

"अगं, सुलटा आहे," मी म्हटले. "हात उजवा आहे."

"हात उजवा आहे ते मला सांगतेस? माझाच आहे तो! तेव्हा सांगायचं होतंस. मान्येसमोर."

"चुकलं माझं, डेडेई."

"पुटपुटू नकोस. त्या बाईंना लिहायचंय."

तर लिहा: माझे चुकले. मी, आयोर्कोर क्वेनोर, निगेटिव्ह उलटी ठेवली. डेडेईचा हात उजवा होता. मी बाजारात जाऊन हे सांगायला हवे होते, मी भ्याले, आणि भिण्याला कला म्हणत राहिले. हे वाक्य बाजारात मोठ्याने वाचावे. मान्ये अजून हयात आहे.

डेडेईने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग विचारले, "साक्षीला कोण?"

"शिंपी ओडोटेई आहे. अजून एक हवा."

"मी आहे की."

बाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही हो."

"मग झालंच तर! हिचं मला काही नकोच आहे. लिहिलंय ते खरं आहे, एवढं सांगायला मी पाहिजे."

६. सबब तो फोटो मंडळीला द्यावा, डेडेईच्या अटीवर: पाटी कापायची नाही. नव्या माणसाला मार्गदर्शक नेमून देण्याऐवजी सुलटा आणि उलटा, दोन्ही फोटो समोर ठेवावेत आणि विचारावे, यातला कोणता काढून त्या बाईला तोंड दाखवता येईल? उत्तर रॉटरडॅमहून मागवू नये. बाजारात जाऊन विचारावे, आणि जाताना केंके विकत घ्यावे.

अक्रा, दिनांक १४ मार्च २०२४.

सही: आयोर्कोर क्वेनोर

साक्षीदार पहिला: इमॅन्युएल ओडोटेई, शिंपी. सही.

साक्षीदार दुसरी: डेडेई लार्टे, केंके विकणार. हिला सही येते, तरी अंगठा दिला. म्हणाली, सही कुठल्या हाताची ते कोणाला कळत नाही, अंगठ्याखाली मात्र हात लिहितात, आणि अक्षरे उलटी केली की सगळ्यांना कळतात, तेव्हा लिहाच. तिने सांगितले तसे लिहिले आहे: उजव्या हाताचा.