लोकरीतलं घर

११ जानेवारी १९८७, रविवार

गोधडीसाठी तांबडा सापडला! चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत, खोक्याच्या अगदी तळाशी. बायकी कोट. बाह्या कसरीने खाल्लेल्या, अस्तर लोंबतंय, पण रंग असा की बर्फातून घरी येताना मांडीवर निखारा घेऊन बसल्यासारखं वाटत होतं.

आल्या आल्या उकळत्या पाण्यात टाकला. लोकर आटली, घट्ट झाली, धागे एकमेकांना बिलगले. आता कशीही कापली तरी कड सुटायची नाही. स्वयंपाकघरभर ओल्या मेंढीचा वास.

मिसेस व्हीलॉक चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "एवढं गरम पाणी. मी त्यात आंघोळ केली असती."

दिवसभरात तेवढंच बोलणं.

१४ जानेवारी, बुधवार

बर्फ. खिडकीबाहेर कुंपण नाही, रस्ता नाही, पलीकडची टेकडीही नाही. सगळ्या व्हरमाँटवर कुणीतरी पांढरी चादर ओढून दिवा मालवल्यासारखं.

गोधडीच्या जमिनीसाठी काळं कापड घेतलंय — रॉयसच्या वडिलांचे दोन ओव्हरकोट उसवून जोडले. पलंगभर होईल. त्याच्यावर आमचं हे घर बसवायचं. मग कोठार, वाट, मेंढ्या, आणि चंद्र. चंद्र खूप मोठा.

रॉयस घर सोडून गेला त्याला वर्ष होत आलं. फ्लोरिडा, ऊन, बोटींची दुरुस्ती, आणि ती बाई. घटस्फोटाचे कागद ऑगस्टमध्ये आले. गावात सगळ्यांना वाटलं, आता कोरिन जाणार. जाणार कुठे? आईवडील गेले, भाऊबहीण नाही. मी नवऱ्याच्या आईच्या घरात राहिले. त्या जा म्हणाल्या नाहीत. राहा असंही म्हणाल्या नाहीत. सकाळी कॉफीचे दोन कप निघतात, एवढ्यावरून काय ते समजायचं.

लग्नानंतर मी त्यांना एकदा 'आई' म्हणून पाहिलं होतं. म्हणाल्या, "मला मूल एकच आहे." तेव्हापासून मिसेस व्हीलॉक.

२३ जानेवारी, शुक्रवार

तुकड्यातून मेंढी कापली. टेबलावर ठेवली होती. मिसेस व्हीलॉकनी चाचपली.

"हा बटाटा का?"

"मेंढी आहे."

"पाय?"

"अजून लावायचेत."

"नको लावूस. बटाटा म्हणून बरा आहे."

मला हसू आलं. त्यांचाही ओठ जरा हलला, पण तोंड लगेच चुलीकडे वळवलं.

त्यांच्या गोधड्या वरच्या कपाटात आहेत. चौकोन, त्रिकोण, सगळं पट्टीने आखलेलं. टाका मोहरीएवढा. जत्रेत दरवर्षी पहिलं बक्षीस कुणाला, हे आधीच माहीत असायचं म्हणे. मग डोळ्यांवर पडदा आला, सुई सुटली. त्यांच्यासमोर मी हे वेडंवाकडं पसरून बसते, म्हणजे माझीच कमाल.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे स्वप्न पडलं. मी काळ्या लोकरीवरून चालले होते. पावलांचा आवाज नाही. घराला भिंती होत्या, त्यांच्या कडेने काजटाके — एकेक टाका माझ्या कमरेएवढा. मी त्यांना धरून धरून घराला फेरी मारली. दार अजून शिवलेलं नव्हतं.

उठल्यावर आधी दार कापलं. तांबडं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

जेवण झालं होतं. उन्हाचा एक तुकडा टेबलावर आला होता, त्यात मी चिंध्या रंगवार लावत होते. मिसेस व्हीलॉक आल्या, तपकिरी तुकडा बोटांनी चाचपला, माझी कात्री उचलली. आखणं नाही, काही नाही. डोळे तर मिटलेलेच होते. कात्री चालत राहिली. घोडा निघाला. मान खाली, पाय रोवलेले, काहीतरी जड ओढणारा.

"हा बेन," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा हाच होता. मेपलच्या रसाची पिंपं ओढायचा. माझ्याशी या घरात पहिल्या वर्षी तोच तेवढा नीट वागला."

मी घोडा काळ्या कापडावर ठेवून पाहिला. "घरापेक्षा मोठा झालाय."

"मोठाच होता तो."

घोडा तसाच राहिला. घराला टेकून उभा केला.

९ फेब्रुवारी

त्या पुन्हा टेबलाशी आल्या. मी दुसरी खुर्ची ओढून ठेवली फक्त.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रंगवायचा दिवस. अक्रोडाच्या साली रात्रभर भिजवल्या होत्या. एका पातेल्यात त्या, दुसऱ्यात कांद्याची सालं. खिडक्यांवर वाफ धरली. आम्ही दोघी त्या वाफेत, लाकडी दांडे घेऊन, हळूहळू ढवळत. पांढरं ब्लँकेट आत जायचं आणि शरद ऋतू होऊन वर यायचं. किती वेळ गेला कोण जाणे. चूल कुरकुरत होती. मला वाटलं, आपण दोघी फार पूर्वीपासून इथेच उभ्या आहोत आणि रॉयस नावाचं कुणी मध्ये आलंच नव्हतं.

"मिसेस व्हीलॉक, तुमचं पातेलं उतू जातंय."

"आयडेला म्हण," त्या दांडा काढत म्हणाल्या. "मिसेस व्हीलॉक ही माझी सासू. आणि ती मला अजिबात आवडायची नाही."

५ मार्च, गुरुवार

फर्नचा फोन. फर्न लॅड — मागच्या शरदातल्या जत्रेत माझ्या लोकरीच्या चकत्यांची आसनं घेऊन गेली ती. नाण्याभोवती आखून कापलेल्या चकत्या, एकीवर एक बसवलेल्या. मेन राज्याच्या किनाऱ्यावर, टेनी हार्बरला तिचं लोकरीचं दुकान आहे. सगळी आसनं गेली म्हणाली. "लोकांना हेच हवंय गं. हातचं, भाबडं, जरा तिरपं. प्रिमिटिव्ह म्हणतात याला."

आयडेलांना सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या वेळी याला घाई म्हणायचे."

फर्नने आणखी एक विचारलं, ते त्यांना सांगितलं नाही. दुकानावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. मे महिन्यापासून ये, खाली बायकांना शिकव, वर राहा. समुद्र दिसतो म्हणाली.

मी म्हटलं, विचार करते. आणि टेबलाशी येऊन सुईत दोरा ओवला — आयडेलांच्या सुईत. त्यांना ओवता येत नाही, म्हणून मी सकाळीच बऱ्याचशा सुया ओवून उशीला टोचून ठेवते.

१५ मार्च, रविवार

मर्टनच्या खोपटात मेपलचा रस आटवायला सुरुवात झाली. खालच्या रानातून गोड वाफ वर येते आणि झाडांत अडकून बसते. मर्टन आमचा शेजारी, मेंढ्याही त्याच्याच. पाकाचा एक डबा ठेवून गेला. जाताना गोधडीकडे बराच वेळ बघत होता. "माझ्या मेंढ्या एवढ्या जाड नाहीत," म्हणाला.

संध्याकाळी रॉयसचा फोन, आईसाठी. मी भांडी विसळत होते. ऐकायचं नव्हतं, पण स्वयंपाकघर एकच आहे. बॉस्टनचे कुणीतरी लोक. स्कीइंगला येतात, त्यांना हे घर हवंय. सासऱ्यांनी घर मुलाच्या नावावर केलं, पण आई राहते तोवर तिच्या सहीशिवाय विकायचं नाही, असं लिहून ठेवलंय. आयडेला नुसतं हं, हं करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बर्फ वितळू दे. मग ये."

ठेवला फोन. मला काही बोलल्या नाहीत. मीही माझं बोलले नाही. दोघींनी पावाला पाक लावून खाल्ला.

२८ मार्च, शनिवार

त्या एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने. गोधडी दोघींच्या मांड्यांवर. त्या बघत नाहीत. कडेवरून अंगठा फिरतो आणि त्याच्या मागोमाग सुई. त्यांचा टाका आता मोहरीएवढा राहिलेला नाही. लहानमोठा, थकल्या माणसाच्या पावलांसारखा. पण काय सुंदर दिसतो! मी तसं म्हटलं.

"पन्नास वर्षं सरळ शिवत होते," त्या म्हणाल्या. "कुणासाठी कोण जाणे."

दुपारभर पागोळ्या टपकत होत्या. डोळा लागला माझा. जागी झाले तेव्हा त्या चंद्राची कड शिवत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. मी झोपेचं सोंग चालू ठेवलं.

११ एप्रिल, शनिवार

रॉयस आला. चिखलाचे दिवस, गाडी वाटेच्या तोंडाशी चाकं बुडेपर्यंत रुतली. मर्टनने ट्रॅक्टरने ओढली. हा माणूस गुडघ्यापर्यंत चिखल, वर लिंबूरंगी शर्ट. चेहरा तांबूस, छान झालाय. बारीकही झालाय. मला वाटलं होतं, समोर आला की उठून जाईन. झालं नाही. उलट त्याला कोरडे मोजे आणून दिले.

शनिवार म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे शिजवलेल्या घेवड्याच्या बिया आणि काळा पाव. तो भुकेने जेवला. आयडेला त्याच्या ताटाकडे नुसत्या बघत होत्या. डोळ्यांना दिसत नसलं तरी बघत होत्या.

"आई, तुझी खोली रंगवून ठेवलीय. पिवळी. सकाळी ऊन येतं."

"पिवळा रंग चांगला."

"इथे अजून एक हिवाळा कशाला काढतेस?"

"हिवाळा काही मला खात नाही."

"आणि..." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "कोरिनच्या हातात कला आहे. तिचं कुठेही होईल. होईल ना, कोरिन?"

मी म्हटलं, "होईल."

आयडेलांनी पाव मोडला. कुणाचीच बाजू घेतली नाही.

१२ एप्रिल, रविवार

सही केली.

चर्चहून आल्यावर, टोपीसुद्धा न काढता. रॉयसने कागदावर त्यांचं बोट नेऊन ठेवलं, तिथे त्यांनी नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या बापाने राबून राखलं. तुला मिळायला हवं ते. विक."

तो रडला. आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. त्याच्यावर राग धरावा तर तेही जमेना.

मी कोठारात जाऊन उभी राहिले. आतून कोठार गोधडीतल्यासारखंच दिसलं, काळं आणि कडांना उजेड. वेडे, तुला काय वाटलं होतं? मुलगा तो मुलगा.

तीन मेला तो त्यांना न्यायला येणार. आज परत गेला.

२० एप्रिल, सोमवार

शेवटी फर्नचं सांगितलं. सुई थांबवून, एका दमात.

"माहीत आहे," आयडेला म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता, तू मर्टनकडे गेली होतीस. बाई बोलते फार."

"मी आधीच सांगायला हवं होतं."

"हं. जाशील ना?"

"जाईन म्हणते."

"जा. खिडक्या कुठल्या बाजूला आहेत विचारलंस का? उजेड उत्तरेचा हवा. त्यात रंग फसवत नाही."

मग शिवत राहिल्या. मला वाटलं, आणखी काही म्हणतील. चूल विझत आली होती, मी लाकूड घातलं.

२६ एप्रिल, रविवार

गोधडी झाली. पलंगावर अंथरली आणि दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. घर तिरकं, घोडा त्याच्याहून मोठा, मेंढ्या बटाटे. आयडेलांनी वाकून तळहात फिरवला — वाटेवरून कोठारापर्यंत, तिथून दारापर्यंत.

"मला आठवतं त्यापेक्षा बरं आहे घर," म्हणाल्या.

"तुम्ही न्या ही फ्लोरिडाला."

"उन्हात? लोकर? डोकं ठिकाणावर आहे का? तू ने."

१ मे, शुक्रवार

गाडी भरली. चिंध्यांची पोती, पातेली, गोधडी. माझं सामान एवढंच, आणि तरी मागचं काही दिसत नाही. उद्या सकाळी निघायचं. परवा रॉयस येईल. मधला एक दिवस त्या एकट्या. मर्टन येऊन चूल बघणार आहे.

टेकड्यांवर पोपटी धूर चढलाय. झाडांना अजून पानं नाहीत, नुसता पानांचा विचार. मी पायऱ्यांवर बसून राहिले. आतून त्यांच्या चालण्याचा आवाज येत होता — खोलीतून खोलीत, खोलीतून खोलीत.

निरोप कसा घ्यायचा ते ठरत नाही. त्यांना मिठी मारलेली आवडत नाही.

२ मे, शनिवार. न्यू हॅम्पशर, पेट्रोलपंप

मी इंजिन सुरू केलं तेव्हा आयडेला कोट-टोपी घालून पायऱ्या उतरल्या. वाटलं, निरोपाला आल्या. दुसऱ्या बाजूचं दार चाचपून उघडलं आणि आत बसल्या.

"उद्या रॉयस येतोय," मी म्हटलं.

"सकाळी फोन केला त्याला. घर दिलं म्हटलं. स्वतःला कुठे दिलं होतं?"

मी इंजिन तसंच चालू ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"चल, पेट्रोल जाळू नकोस. त्या फर्नकडे जिना आहे का?"

"आहे."

"चढेन हळूहळू."

इथे भुरभुर पाऊस आहे. आयडेला गाडीत बसून डोनट खातायत. नकाशा त्यांच्या मांडीवर आहे, उलटा. रस्ता त्याच सांगतायत.